हिमयुगातील रेनडिअरचा माग

रेनडिअर हा हरणाच्या कुळातील प्राणी आज नॉर्वे, फिनलंड, सायबेरिया, ग्रीनलंड, कॅनडा, अलास्का अशा उत्तरेकडील थंड प्रदेशांत आढळतो. उत्तर अमेरिकेत त्यालाच कॅरिबू म्हणतात. नैर्ऋत्य फ्रान्समधील दॉर्दोन्य हा परगणा आज अक्रोडाची झाडे आणि द्राक्षमळे यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे रानटी रेनडिअर औषधालाही सापडणार नाही. पण या परगण्यातून वाहणाऱ्या व्हेझेर नदीच्या काठी चुनखडकाच्या ज्या कपारी आहेत, त्यांतील माती उकरली की रेनडिअरची हाडे, दात आणि शिंगे निघतात, आणि तीही हजारांच्या संख्येने.

१८६३ मध्ये एदुआर लार्ते हे फ्रेंच पुराजीवशास्त्रज्ञ आणि त्यांचे इंग्रज मित्र हेन्री ख्रिस्टी यांनी या कपारींत पद्धतशीर खोदकाम सुरू केले. लार्ते यांचे शिक्षण कायद्याचे, तर ख्रिस्टी पेढीवाले. त्यांनी खणलेल्या ठिकाणांपैकी ला मादलेन हे ठिकाण पुढे इतके गाजले की हिमयुगाच्या अखेरच्या काळातील एका संस्कृतीला मादलेनियन हेच नाव पडले. १८६४ मध्ये तेथे मॅमथच्या सुळ्याचा एक तुकडा सापडला आणि त्यावर मॅमथचेच चित्र कोरलेले होते. माणूस आणि मॅमथ एकाच काळी जगत होते याचा इतका बोलका पुरावा दुसरा नव्हता. मात्र या माणसांच्या जेवणात मॅमथपेक्षा रेनडिअरच जास्त होता, हे हाडांच्या ढिगावरून उघड होते. लार्ते यांनी या काळाला ‘रेनडिअरचे युग’ असे नाव दिले.

हे नाव पुढे मागे पडले आणि दगडी हत्यारांवरून काळाला नावे देण्याची पद्धत रूढ झाली. पण त्या नावाबरोबर आलेली एक कल्पना मात्र शंभर वर्षे टिकून राहिली. ती कल्पना अशी : आजचे रेनडिअर ऋतुमानाप्रमाणे शेकडो किलोमीटरचे स्थलांतर करतात; तेव्हा हिमयुगातले रेनडिअरही तसेच करत असणार; आणि त्यांच्यावर जगणारी माणसे त्यांच्या मागोमाग फिरत असणार. ही कल्पना दिसायला सरळ आहे. तिच्यातील प्रत्येक ‘असणार’ तपासायला विज्ञानाला किती खटपट करावी लागली, ते आपण या लेखात पाहू.

तीन विधाने

कपारीत रेनडिअरचे एक हाड सापडले असे समजू. त्यावरून आपण तीन विधाने करू शकतो. पहिले, हे हाड येथे सापडले. दुसरे, हा प्राणी येथे, किंवा येथून जवळच, मेला. तिसरे, हा प्राणी येथे राहत होता. बोलताना आपण पहिल्या विधानावरून तिसऱ्यावर सहज उडी मारतो. प्रत्यक्षात पहिल्यावरून दुसऱ्यावर जायलाच पुरावा लागतो, कारण हाडे माणसे आणतात, लांडगे आणि तरस ओढून नेतात, नदीही वाहून आणते. आणि दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जायचे तर प्राणी मेला ती जागा पुरत नाही. तो जिवंत असताना कोठे कोठे गेला होता, हे त्या हाडाने सांगायला हवे.

या तिसऱ्या विधानाला इतके महत्त्व का? दॉर्दोन्यच्या दक्षिणेला सुमारे दोन-अडीचशे किलोमीटरवर पिरिनीज पर्वत आहे. त्याच्या पायथ्याच्या गुहांतही मादलेनियन काळातील वस्त्या सापडतात. दोन्हीकडची हत्यारे आणि कोरीव वस्तू एकमेकींशी जुळतात. १९७७ मध्ये पॉल बान या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने असा विचार मांडला की नैर्ऋत्य फ्रान्समधले रेनडिअर ऋतूप्रमाणे सखल भाग आणि डोंगर यांच्यात ये-जा करत असावेत. तसे असेल तर दोन्हीकडच्या वस्त्या एकाच समाजाच्या दोन ऋतूंतील वस्त्या ठरू शकतात. उलट रेनडिअर आपापल्या खोऱ्यातच राहत असतील, तर ते दोन वेगळे समाज ठरतात, आणि त्यांच्या वस्तू सारख्या का, याचे उत्तर देवाणघेवाण, सोयरीक, भेटीगाठी यांत शोधावे लागते. प्राणी कसा फिरत होता यावर माणसांचा इतिहास असा अवलंबून आहे.

दुसरीही एक अडचण होती. कळपामागे माणसाने फिरावे हे म्हणायला सोपे आहे. १९७२ मध्ये अर्नेस्ट बर्च या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने, अलास्कातील लोकजीवनाच्या आपल्या अभ्यासाच्या आधारे, दाखवून दिले की मुलेबाळे आणि सामानसुमान घेऊन चालणारी माणसे स्थलांतर करणाऱ्या कॅरिबूंच्या वेगाला पुरी पडूच शकत नाहीत. हे लोक कळपामागे धावत नाहीत. कळप कोणत्या खिंडीतून किंवा कोणत्या नदीच्या उतारावरून जाईल हे ओळखून ते आधीच तेथे दबा धरून बसतात. याच सुमारास लुइस बिन्फर्ड हे पुरातत्त्वज्ञ अलास्कातील अनाक्तुवुक खिंडीत राहणाऱ्या नुनामिउत लोकांबरोबर राहून त्यांची शिकार, मांसाची साठवण आणि टाकून दिलेली हाडे यांच्या नोंदी घेत होते. वसंतात आणि शरदात खिंडीतून जाणारे कळप गाठायचे आणि ते मांस वाळवून, गोठवून उरलेले वर्ष काढायचे, अशी ती रीत होती. म्हणजे रेनडिअर स्थलांतर करत होते हे सिद्ध झाले तरी माणसे त्यांच्यामागे फिरत होती असे आपोआप ठरत नाही.

हाडांतले महिने

प्राणी कोठे गेला होता हे कळण्यापूर्वी तो वर्षाच्या कोणत्या दिवसांत मेला, हे शास्त्रज्ञांना कळू लागले. रेनडिअर या बाबतीत सोयीचा प्राणी आहे. त्याचा माजाचा काळ शरदात येतो आणि पाडसे मे-जूनच्या थोड्याच दिवसांत जन्मतात. त्यामुळे पाडसाचे वय महिन्यांत कळले की मृत्यूचा महिनाही कळतो. दुधाचे दात किती पडले, दाढा किती वर आल्या, यावरून हे वय ठरवतात. गाभण मादी मारली गेली असेल आणि पोटातल्या गर्भाची कोवळी हाडे टिकली असतील, तर त्यांच्या लांबीवरूनही महिना काढता येतो.

शिंगांचाही उपयोग होतो. गाईबैलांची शिंगे जन्मभर राहतात. हरणांची मात्र, आपल्याकडच्या सांबर-चितळांप्रमाणे, दरवर्षी गळतात आणि नवी येतात. हरणांच्या कुळात फक्त रेनडिअरमध्येच मादीलाही नेमाने शिंगे असतात, आणि नर व मादी यांची शिंगे गळण्याचा काळ वेगळा असतो. पूर्ण वाढलेल्या नराची शिंगे माजाचा काळ संपला की हिवाळ्याच्या तोंडाशी गळतात. गाभण मादीची शिंगे वसंताच्या अखेरीस विण्याच्या सुमारास गळतात. म्हणून कवटीला चिकटलेले, पूर्ण वाढलेले मोठे शिंग मिळाले तर तो नर शरदात मारला गेला असे म्हणता येते. गळून पडलेल्या शिंगाचे मात्र तसे नाही. हत्यारे करण्यासाठी माणसे अशी शिंगे वेचून दूरवर नेत असत. तेव्हा अशा शिंगावरून दुसरे विधानही करता येत नाही.

प्रौढ प्राण्याच्या दाताच्या मुळाभोवती सिमेंटम नावाच्या द्रव्याचे थर साचत जातात. चाऱ्याच्या सुबत्तेच्या दिवसांत रुंद थर आणि हिवाळ्यात अरुंद थर, असा क्रम असतो. झाडाच्या खोडातील वलयांसारखाच हा प्रकार आहे. दाताचा पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली शेवटचा थर पाहिला की मृत्यूचा ऋतू कळतो. कॅनडातील पुरातत्त्वज्ञ ब्रायन गॉर्डन यांनी १९८८ मध्ये ही पद्धत फ्रान्समधील मादलेनियन रेनडिअरसाठी मोठ्या प्रमाणावर वापरली.

या पद्धतींनी काय साधते याचे एक उत्तम उदाहरण जर्मनीतील हांबुर्गजवळच्या श्टेलमूर येथे मिळते. आल्फ्रेट रुस्ट यांनी १९३० च्या दशकात तेथील जुन्या तळ्याच्या गाळातून रेनडिअरची हजारो हाडे आणि पाइनच्या लाकडाच्या शंभराहून अधिक बाणांचे तुकडे काढले. हे बाण दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाले, पण हाडे राहिली. सुमारे बारा हजार वर्षांपूर्वीच्या या हाडांपैकी काहींत गारगोटीच्या बाणाग्रांचे तुकडे अजून रुतलेले आहेत. १९८७ मध्ये ब्यार्ने ग्रोन्नो यांनी आणि १९९० च्या दशकात बोडिल ब्राटलुंड यांनी या हाडांचा पुन्हा अभ्यास केला, तेव्हा शरदात एकगठ्ठा केलेल्या शिकारीचे चित्र उभे राहिले. अरुंद दरीतून कळप जात असता माणसे तेथे वाट पाहत होती.

पण हीच पद्धत दॉर्दोन्यमध्ये लावली तेव्हा वाद झाला. १९६६ मध्ये झाँ बूशू यांनी दात आणि शिंगे पाहून असा निष्कर्ष काढला की रेनडिअर तेथे वर्षभर मारले जात होते, म्हणजे वर्षभर तेथेच होते. बिन्फर्ड यांनी बूशूंच्या पद्धतीवर कडक टीका केली. १९७९ मध्ये आर्थर स्पीस यांनीही तो निष्कर्ष अमान्य केला. दोन्ही बाजूंचे सगळे मुद्दे येथे देत नाही, पण त्यातून निघणारे दोन धडे महत्त्वाचे आहेत.

पहिला धडा असा की कपारीतील मातीचा एक थर म्हणजे एक वर्ष नव्हे. तो साचायला शेकडो वर्षे लागलेली असू शकतात. एका शतकात हिवाळ्यात मारलेला रेनडिअर आणि दुसऱ्या शतकात उन्हाळ्यात मारलेला रेनडिअर एकाच थरात शेजारी सापडले, तर आपल्याला ‘वर्षभर’ असा भास होतो. दुसरा धडा त्याहून नाजूक आहे. एखाद्या थरात उन्हाळ्यात मेलेला एकही रेनडिअर नसेल, तर उन्हाळ्यात तेथे रेनडिअर नव्हते असे म्हणता येत नाही. कदाचित उन्हाळ्यात तेथे माणसेच नसतील! हाडे जमवली माणसांनी. तेव्हा मृत्यूचा महिना हा शिकाऱ्याच्या वेळापत्रकाचा पुरावा आहे. प्राण्याच्या वेळापत्रकाचा पुरावा प्राण्याच्या शरीरातच शोधायला हवा.

दातात साठलेला प्रवास

हा पुरावा भूरसायनशास्त्रातून आला. आवर्तसारणीत कॅल्शियमच्या खाली, त्याच गणात, स्ट्राँशियम हे मूलद्रव्य आहे. रासायनिक वागणूक सारखी असल्याने हाडे आणि दात घडताना कॅल्शियमच्या जागी थोडे स्ट्राँशियमही बसते. स्ट्राँशियमची चार स्थिर समस्थानिके आहेत. त्यांपैकी स्ट्राँशियम-८७ चे प्रमाण खडकांत हळूहळू वाढत जाते, कारण रुबिडियम-८७ या किरणोत्सर्गी समस्थानिकाच्या ऱ्हासातून ते तयार होते. या ऱ्हासाचा अर्धायुकाल सुमारे ४९ अब्ज वर्षे, म्हणजे पृथ्वीच्या वयाच्या दहापटीहून अधिक आहे. म्हणून खडक जितका जुना आणि त्यात मुळात रुबिडियम जितके जास्त, तितके त्यातील स्ट्राँशियम-८७ आणि स्ट्राँशियम-८६ यांचे गुणोत्तर मोठे. सागरात तयार झालेल्या चुनखडकात ते साधारण ०.७०७ ते ०.७०९ असते, तर जुन्या ग्रॅनाइटमध्ये ०.७१५ किंवा त्याहूनही जास्त असू शकते. फरक तिसऱ्या दशांशस्थळी पडतो, पण मास स्पेक्ट्रोमीटर हे उपकरण तो सहज मोजते.

खडकातले हे गुणोत्तर मातीत उतरते, मातीतून गवतात आणि दगडफुलासारख्या शैवाकांत, आणि तेथून चरणाऱ्या प्राण्याच्या दातात. या साखळीत ते फारसे बदलत नाही. म्हणजे प्राण्याने कोणत्या खडकावरचा चारा खाल्ला याची खूण त्याच्या दातात राहते.

यासाठी हाडापेक्षा दात बरा, हे येथे सांगायला हवे. जिवंत प्राण्याचे हाड सतत झिजून नव्याने घडत असते आणि पुरल्यावर ते भोवतालच्या मातीतील क्षारही शोषून घेते. दातावरचे दंतवल्क, म्हणजे इनॅमल, एकदा तयार झाले की पुन्हा बदलत नाही आणि घट्ट असल्याने मातीतही बरेच शुद्ध राहते. शिवाय दाढ एकदम तयार होत नाही. तिचे दंतवल्क चावण्याच्या पृष्ठाकडून मुळाकडे क्रमाने घडत जाते. रेनडिअरच्या दाढा एकीमागून एक घडतात आणि त्या मिळून आयुष्याच्या साधारण पहिल्या दीड वर्षाची नोंद ठेवतात. बारीक ड्रिलने दाढेवर वरून खाली ओळीने नमुने घेतले की त्या दीड वर्षाची रोजनिशीच हाती येते. त्याच नमुन्यांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून उन्हाळा कोणता आणि हिवाळा कोणता हेही ठरते, कारण पावसाच्या आणि बर्फाच्या पाण्यात ऑक्सिजन-१८ चे प्रमाण उन्हाळ्यात वाढते आणि हिवाळ्यात घटते.

नवी पद्धत प्राचीन हाडांना लावण्यापूर्वी ती उत्तर माहीत असलेल्या उदाहरणावर पारखून घ्यावी, हा प्रयोगशाळेतला साधा नियम येथेही पाळला गेला. केट ब्रिटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अलास्कातील आजच्या कॅरिबूंच्या दाढा तपासल्या. हे कॅरिबू स्थलांतर करतात हे पक्के ठाऊक होते. त्यांच्या दाढांतील स्ट्राँशियमचे गुणोत्तर ऋतूंप्रमाणे खालीवर होत असल्याचे दिसले. पद्धत कसोटीला उतरली.

मग २०११ मध्ये याच गटाने नैर्ऋत्य फ्रान्समधील झाँझाक या ठिकाणचे दात घेतले. हे ठिकाण मादलेनियनहून कितीतरी जुने, निअँडर्थल मानवाच्या काळातले, सुमारे सत्तर हजार वर्षांपूर्वीचे आहे. तेथील एका थरात रेनडिअरच्या हाडांचा अक्षरशः खच आहे. तपासलेल्या रेनडिअरांच्या दातांतील गुणोत्तर ऋतूंबरोबर बदलत होते, आणि वेगवेगळ्या प्राण्यांचे आलेख एकमेकांशी जुळत होते. तुलनेसाठी घेतलेल्या रानगव्याच्या, म्हणजे बायसनच्या, दातात असा बदल नव्हता. अर्थ असा की हे रेनडिअर ठरावीक वाटेने ये-जा करत होते, बायसन तेथलाच होता, आणि निअँडर्थल शिकारी रेनडिअरना त्यांच्या वार्षिक फेरीत गाठत होते. निअँडर्थल मानवाला मंदबुद्धी समजण्याची प्रथा फार जुनी. कळप केव्हा आणि कोठून जाईल हे ओळखून त्याची वाट पाहणारा माणूस मंदबुद्धी म्हणता येणार नाही.

पुन्हा ला मादलेन

तर मग जुनी कल्पना खरी ठरली म्हणायची का? झाँझाकच्या रेनडिअरपुरती, होय. पण २०१७ मध्ये फ्रेंच संशोधिका लॉर फोंताना यांनी ला मादलेन येथील शिंगे आणि दात यांची पुन्हा बारकाईने छाननी केली, ऋतू ठरवण्याच्या पद्धतीही तपासल्या, आणि दॉर्दोन्यमध्ये हिमयुगाच्या त्या उत्तरकाळात रेनडिअर चारही ऋतूंत होते, ते लांबचे स्थलांतर करत नव्हते, असे प्रतिपादन केले. ज्या कपारीपासून ‘रेनडिअरचे युग’ हे नाव रूढ झाले, तेथलेच रेनडिअर बहुधा घरबसे होते!

यात विसंगती नाही. दोन ठिकाणांत पन्नास हजारांहून अधिक वर्षांचे अंतर आहे, आणि तेवढ्या काळात हवामान, वनस्पती, सारेच बदलले होते. आजचेच रेनडिअर पाहा. अलास्का आणि कॅनडातील काही कळपांचे प्राणी वर्षाकाठी जाऊन-येऊन हजार किलोमीटरहून अधिक अंतराची फेरी करतात, तर स्वालबार बेटांवरचे रेनडिअर वर्षभर थोड्याशाच भागात राहतात. जात एकच, रीत वेगळी. ‘रेनडिअर स्थलांतर करतो’ हे विधान पाठ्यपुस्तकात शोभते, पण त्यावरून एखाद्या विशिष्ट काळातील विशिष्ट कळपाबद्दल काही ठरत नाही. ते त्या कळपाच्या हाडांनाच विचारावे लागते.

स्ट्राँशियमलाही मर्यादा आहेत, आणि त्या आपल्याला घरच्या उदाहरणावरून चांगल्या कळतील. आपल्याकडे धनगर आपल्या मेंढ्या घेऊन पावसाळ्यानंतर देशावरून घाट उतरून कोकणात जातात आणि पुढच्या पावसापूर्वी परततात. अशा एखाद्या मेंढीची दाढ तपासली तर ही फेरी दिसेल का? देश, घाटमाथा आणि कोकणाचा बराच भाग दख्खनच्या एकाच काळ्या पाषाणाचा, बेसाल्टचा आहे. तेव्हा मेंढी शंभर-दीडशे किलोमीटर चालूनही तिच्या दातातील स्ट्राँशियम फारसे हलणार नाही, आणि आपण ती जागची हलली नाही असे म्हणून मोकळे होऊ. तीच मेंढी दक्षिण सिंधुदुर्गातील जुन्या खडकांच्या प्रदेशात उतरली, तर मात्र फरक दिसण्याची शक्यता आहे. थोडक्यात, दाताला खडकांतला फरक समजतो, अंतर समजत नाही.

हा शोध केवळ गतकाळाचा नाही. गाभण माद्यांची शिंगे विण्याच्या सुमारास गळतात हे वर आलेच आहे. ती टुंड्राच्या थंडीत शेकडो वर्षे जमिनीवर तशीच पडून राहतात. जोशुआ मिलर आणि सहकाऱ्यांनी अलास्कातील आर्क्टिक अभयारण्यात अशी शिंगे आणि नवजात पाडसांची हाडे मोजून २०१३ मध्ये दाखवले की माद्यांच्या विण्याच्या जागा त्यांवरून ओळखता येतात. अलास्कातील पश्चिम आर्क्टिक कळपात २००३ मध्ये सुमारे ४ लाख ९० हजार कॅरिबू होते, ते २०२३ मध्ये सुमारे १ लाख ५२ हजारांवर आले. कळपाच्या कोणत्या वाटा आणि कोणत्या जागा राखून ठेवायच्या हे ठरवताना विमानातून केलेली काही दशकांची मोजणी अपुरी पडते. तेथे ही जुनी शिंगे साक्षीला येतात.

वर्गात हा विषय घेताना सुरुवातीची तीन विधाने फळ्यावर लिहावीत असे आम्ही सुचवू. हाड येथे सापडले. प्राणी येथे मेला. प्राणी येथे राहत होता. मग मुलांच्या हाती परिसरातील एखादी वस्तू द्यावी. शाळेच्या आवारात सापडलेला शंख चालेल, ओढ्यातला गोटा चालेल, बाजारातून आणलेल्या माशाचा काटाही चालेल. तिच्याबद्दल ही तीन विधाने करायला सांगावे आणि प्रत्येक विधानापुढे ‘हे कशावरून?’ असा प्रश्न लिहून घ्यावा. शंख समुद्रातला आणि शाळा घाटावर, असे निघाले तर फारच उत्तम. पहिल्या विधानापुढे उत्तर लगेच येईल, दुसऱ्यापुढे वाद होईल, आणि तिसऱ्यापुढची जागा बहुधा रिकामी राहील. ती रिकामी जागा पुसू नये. लार्ते यांच्या खोदकामानंतर ती भरू लागायला जवळपास दीडशे वर्षे जावी लागली.